१९७४चे लायन्स की २०२३चे स्प्रिंगबॉक? तुलना करायची तर आधी नियम ठरवा

ओव्हल

रग्बी युनियनवर चर्चा सुरू झाली की दहाव्या प्रतिसादापर्यंत हा वाद येतोच: हौशी जमान्यातले मोठे संघ आजच्या पगारी खेळाडूंपुढे टिकले असते का? एक बाजू खेळाडूंची वजनं मांडते, दुसरी सत्तरच्या दशकातल्या गॅरेथ एडवर्ड्स आणि जेपीआर विल्यम्सची नावं घेते, आणि तिथेच सगळं थांबतं. सामना कोणत्या नियमांनी, कोणत्या चेंडूने आणि किती राखीव खेळाडू घेऊन खेळायचा हे कुणी विचारतच नाही. ते ठरवल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही असं माझं ठाम मत आहे. ते एकदा ठरवलं की उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट निघतं.

धाग्यापुरते दोन संघ घेऊ. पहिला, १९७४ साली दक्षिण आफ्रिकेत गेलेले ब्रिटिश लायन्स (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडचा मिळून निवडलेला संघ). विली जॉन मॅकब्राइड कर्णधार, सिड मिलर प्रशिक्षक. २२ सामने, २१ विजय, १ बरोबरी. ७२९ गुण केले, २०७ दिले. चार कसोटींत (राष्ट्रीय संघाविरुद्धच्या सामन्यांत) मिळून फक्त १७ खेळाडू वापरले. दुसरा, २०२३चा विश्वविजेता दक्षिण आफ्रिका, म्हणजे स्प्रिंगबॉक. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सवर २९-२८, उपांत्य फेरीत इंग्लंडवर १६-१५ आणि अंतिम सामन्यात न्यूझीलंडवर १२-११. तिन्ही वेळा एकेका गुणाने.

सुरुवात गुणांपासून करू. ट्रायला (चेंडू समोरच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवणं) आधी ३ गुण होते, १९७१मध्ये ४ झाले आणि १९९२पासून ५ आहेत. १९७४च्या कसोटींचे निकाल १२-३, २८-९, २६-९ आणि १३-१३. आता यांना आजचा ५ गुणांचा ट्राय लावा. केपटाऊनच्या चिखलातल्या पहिल्या कसोटीत लायन्सचे सगळे गुण लाथेचे होते, फिल बेनेटच्या तीन पेनल्टी (समोरच्याच्या चुकीबद्दल मिळालेली, खांबांमधून मारलेली लाथ) आणि एडवर्ड्सचा ड्रॉप गोल (चालू खेळात चेंडूला टप्पा देऊन मारलेली लाथ), त्यामुळे तिथे फरक नाही. प्रिटोरियात पाच ट्राय, म्हणजे ३३-९. पोर्ट एलिझाबेथमध्ये तीन, म्हणजे २९-९. शेवटच्या कसोटीत लायन्सचे दोन (अटली आणि अर्विन) आणि आफ्रिकेचा एक (क्रोन्ये), म्हणजे १३-१३ची बरोबरी १५-१४ होते. आजच्या हिशेबाने लायन्सने ती मालिका ४-० जिंकली असती. चार सामन्यांत यजमानांना मिळालेला हा एकच ट्राय, हेही लक्षात ठेवा.

आकडेमोड

हाच हिशेब १९७१च्या लायन्सला लावून पाहिला तर गंमत उलटी होते. कार्विन जेम्स यांच्या त्या संघाने न्यूझीलंडमध्ये मालिका २-१ जिंकली, चौथी कसोटी ऑकलंडला १४-१४. तेव्हा ट्राय ३ गुणांचा होता. लायन्सचा एक ट्राय (डिक्सन), एक कन्व्हर्जन (ट्रायनंतरची २ गुणांची लाथ), दोन पेनल्टी आणि जेपीआरचा तो लांबून मारलेला ड्रॉप गोल. न्यूझीलंडचे दोन ट्राय (कॉट्रेल आणि लिस्टर), एक कन्व्हर्जन, दोन पेनल्टी. ट्रायला ५ गुण दिले की लायन्स १६, न्यूझीलंड १८. मालिका २-२. न्यूझीलंडच्या भूमीवर मालिका जिंकलेला हा आजवरचा एकमेव लायन्स संघ, आणि ते यश ट्रायच्या किमतीवर टेकलेलं आहे.

२०२३चा अंतिम सामना मात्र कुठल्याही हिशेबाने फिरत नाही. आफ्रिकेच्या चार पेनल्टी, न्यूझीलंडचा एक ट्राय आणि दोन पेनल्टी. जुन्या गुणांनी १२-१० किंवा १२-९.

रानवारा

म्हणजे सगळे जुने निकाल असे बदलून घेतले की झालं ना? त्यात अवघड काय?

ओव्हल

तिथेच घसरायला होतं. गुण बदलले की खेळाडूंचे निर्णयही बदलतात. ट्राय आणि पेनल्टी दोन्ही ३ गुणांचे असतील तर सोपी पेनल्टी सोडून कोपऱ्याकडे जाणारा कर्णधार शहाणा नव्हे. आज गोलरेषेपासून पाच मीटरवर लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकणं) घेऊन मॉल (चेंडू धरलेल्याला घेरून पुढे सरकणारा घोळका) रेटला की ५ गुण आणि वर कन्व्हर्जनची संधी, म्हणून संघ पेनल्टी बाहेर मारतात.

आणि याहून मोठी गोष्ट: १९७४मध्ये पेनल्टी मैदानाबाहेर मारली तर लाइनआउटवर चेंडू फेकायचा हक्क समोरच्या संघाला मिळत असे. मारणाऱ्याला फक्त जागा मिळायची, चेंडू नाही. आज मारणाऱ्याला जागाही मिळते आणि चेंडूही. स्प्रिंगबॉकचं निम्मं आक्रमण याच एका नियमावर उभं आहे: स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांना भिडून रेटतात तिथे) पेनल्टी मिळवायची, कोपऱ्यात मारायची, लाइनआउट, मॉल. १९७४च्या नियमांत ही साखळी दुसऱ्याच कडीला तुटते. म्हणून निकाल बदलून घेणं हे फक्त तोंडओळखीपुरतं. खरी तुलना खेळाच्या एकेका भागाची करावी लागेल. लूजहेड, स्क्रमवर तुम्ही लिहा.

लूजहेड

लिहितो. थोडं लांबेल.

१९७४च्या स्क्रमची पहिली गोष्ट म्हणजे चेंडू. स्क्रम-हाफने तो बोगद्यात सरळ टाकायचा आणि दोन्ही हूकर (पुढच्या फळीतले मधले खेळाडू) पाय मारून त्यासाठी झगडायचे. त्यामुळे चेंडू आत येताना हूकरचा एक पाय हवेत. आठ जणांची रेटारेटी त्या क्षणी साडेसात जणांची होते. दुसरी गोष्ट, दोन फळ्या लांबून एकमेकांवर आदळत नसत. जवळ येऊन, खांदे अडकवून, मग जोर. तिसरी गोष्ट, स्क्रम कोसळला तरी चेंडू बाहेर आला की खेळ पुढे. दर वेळी पेनल्टी नाही.

मिलर स्वतः प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीत हूकरच्या बाजूला खेळणारे. त्यांनी त्या दौऱ्यावर सरावात स्क्रमवर स्क्रम लावून घेतले आणि संघ स्क्रमभोवतीच बांधला. इयन मॅक्लॉक्लन, बॉबी विंडसर, फ्रॅन कॉटन ही पुढची फळी. मॅक्लॉक्लनची उंची जेमतेम ५ फूट ९ इंच. उंच टाइटहेडसमोर (उजवा प्रॉप) बुटका लूजहेड (डावा प्रॉप) हा तोटा वाटेल, पण तो समोरच्याच्या छातीखाली शिरला की समोरच्याला पाठ सरळ ठेवता येत नाही. पाठ वाकली की मागच्या फळीतल्या लॉकचा जोर पुढे पोचतच नाही, तो कमरेत अडकतो. वजन जास्त असूनही आफ्रिकेचे स्क्रम मागे का गेले याचं उत्तर इथे आहे.

आजचा स्क्रम वेगळं काम करतो. २०१३पासून पंचाच्या तीन आज्ञा आहेत: वाका, पकडा, भिडा. प्रॉपनी भिडण्याआधीच समोरच्याची जर्सी पकडायची, त्यामुळे आदळण्याचा जोर पूर्वीपेक्षा कमी झाला. पण चेंडू बऱ्याचदा स्वतःच्या हूकरच्या पायाकडे झुकवूनच टाकला जातो आणि पंच फारसे आक्षेप घेत नाहीत. मग हूकरला झगडावं लागत नाही, आठही जण रेटतात. उद्देश चेंडू मिळवण्याचा कमी, पेनल्टी मिळवण्याचा जास्त. २०२३च्या उपांत्य सामन्यात आफ्रिकेचा प्रॉप ऑक्स न्चे याने उशिरा मिळवलेली पेनल्टी पोलार्डने ४९ मीटरवरून मारली आणि इंग्लंड घरी गेलं. एका स्क्रमवर अख्खा सामना.

पेनल्टी कशी मिळते तेही सांगतो, कारण पडद्यावर सगळे स्क्रम सारखेच दिसतात. टाइटहेडचा बाहेरचा हात समोरच्याच्या दंडावर असेल तर तो खाली ओढतो आहे. त्याचं नितंब खांद्यांपेक्षा वर गेलं तर तो बिजागरीसारखा मिटणार. पाय फार मागे असले तर जोर लागताच छातीवर पडणार. लूजहेड तिरका होऊन हूकरच्या बरगडीत घुसत असेल तर पेनल्टी त्याच्याविरुद्ध. पंच या चार गोष्टी बघतो, तुम्हीही बघा. १९७४च्या पंचाला यातल्या निम्म्या बघायची गरजच नव्हती.

आता उलटसुलट करा. आजच्या नियमांत मॅक्लॉक्लनची फळी: शरीर खाली ठेवण्याचं त्यांचं तंत्र उत्तमच आहे, पण समोरच्या आठांचं वजन मिळून ९०० किलोच्या वर, आणि दर कोसळलेल्या स्क्रमवर पंच हात वर करणार. पहिली वीस मिनिटं टिकतील, पन्नासाव्या मिनिटाला समोर ताजे प्रॉप आले की नाही. १९७४च्या नियमांत स्प्रिंगबॉक: सरळ टाकलेल्या चेंडूवर पाय मारायची सवय आजच्या हूकरला नाही. विंडसर त्यांच्या टाकलेल्या चेंडूंपैकी काही नक्की चोरेल. आणि प्रॉपला बदली नाही.

नऊ नंबर

लूजहेडना अनुमोदन, आणि बदलीचा मुद्दा मी पुढे नेतो. माझ्या मते या तुलनेत राखीव खेळाडूंएवढं वजन दुसऱ्या कशालाच नाही.

१९६८पर्यंत कसोटीत बदली नव्हतीच. हाड मोडलं तर चौदा जणांनी खेळायचं. १९६८च्या लायन्स दौऱ्यावर बॅरी जॉन जखमी झाला आणि त्याच्या जागी माइक गिब्सन आला, आंतरराष्ट्रीय सामन्यातला तो पहिला बदली खेळाडू. १९७४मध्येही फक्त दोघे, तेही डॉक्टरने जखम पाहून सांगितलं तर. डावपेच म्हणून खेळाडू बदलायची मुभा १९९६ची, म्हणजे खेळ व्यावसायिक झाल्यानंतरची. आज आठ राखीव असतात.

हे आठ कसे वाटायचे यावर आफ्रिकेचे प्रशिक्षक रासी इरॅस्मस आणि जॅक निनाबर यांनी २०१९ आणि २०२३चे विश्वचषक उभारले. २०१९मध्ये सहा पुढचे (स्क्रममध्ये रेटणारे) आणि दोन मागचे. त्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा टाइटहेड सिंकलर तिसऱ्या मिनिटाला बाहेर गेला आणि डॅन कोलला जवळपास पूर्ण सामना खेळावा लागला. समोर आफ्रिकेचा आधी म्तावारिरा, मग ताजा किट्सहॉफ. ३२-१२ निकालाचा पाया तिथे पडला. एका प्रॉपला दोघांविरुद्ध खेळवलं की काय होतं याचा याहून स्वच्छ दाखला नाही.

२०२३मध्ये सात पुढचे, एकच मागचा. यात काय बिघडू शकतं तेही अंतिम सामन्यातच दिसलं. हूकर बॉन्गी म्बोनाम्बी पहिल्या काही मिनिटांतच जखमी. त्याच्या जागी आलेला डीऑन फूरी तेव्हा मुख्यतः फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा खेळाडू) म्हणून खेळत होता. लाइनआउटवर फेक चुकायला लागली, आफ्रिकेने स्वतःचे चेंडू गमावले आणि कोपऱ्यात मारून मॉल लावायची त्यांची ठरलेली वाट बंद झाली. म्हणून तो सामना पोलार्डच्या चार पेनल्टींवर आला. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन पहिल्या अर्ध्यात लाल कार्ड घेऊन गेला नसता तर ते निभावलं असतं असं मला वाटत नाही.

आता १९७४च्या अटींवर, पंधरा अधिक जखमेपुरते दोन, हा संघ उतरवायचा तर निवडच बदलावी लागेल. पन्नास मिनिटं जीव तोडून खेळण्यासाठी घडवलेल्या प्रॉपला ऐंशी मिनिटं उभं राहायचं आहे. एडवर्ड्स वेल्ससाठी १९६७ ते १९७८ सलग ५३ कसोटी खेळला, एकही न चुकवता. त्या जमान्यात शरीरं त्या कामासाठी घडत होती.

आकडेमोड

नऊ नंबर, यात एक दुसरी बाजू जोडतो. ऐंशी मिनिटं म्हणजे ऐंशी मिनिटं नव्हेत. १९९५च्या विश्वचषकात चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा वेळ सामन्याच्या सुमारे एक तृतीयांश होता. २००७पर्यंत तो चाळीस टक्क्यांच्या पुढे गेला. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलिया सामन्यांचा १९७२ ते २००४ असा अभ्यास झालेला आहे, त्यातही हीच दिशा: पास, टॅकल आणि रक (जमिनीवरच्या चेंडूसाठी होणारी रेटारेटी) वाढले, स्क्रम आणि लाइनआउट कमी झाले, खेळाडू जड झाले, आणि सर्वात मोठी उडी १९९५नंतरची. म्हणजे जुन्या प्रॉपला ऐंशी मिनिटं उभं राहावं लागत होतं हे खरं, पण त्यातला मोठा भाग तो पुढच्या लाइनआउटकडे चालत होता. आजच्या प्रॉपला १९७४च्या लयीत खेळवलं तर तो नऊ नंबर म्हणतात तेवढा लवकर मोडणार नाही.

नऊ नंबर

मान्य, पण स्क्रम जास्त असतील. विश्रांती मिळेल, काम जड मिळेल.

दर्यावर्दी

लयीचा विषय निघाला म्हणून १९६३चा एक सामना. एडिंबरा, स्कॉटलंड विरुद्ध वेल्स. वेल्सचा कर्णधार आणि स्क्रम-हाफ क्लाइव्ह रोलंड्सने चेंडू हातात आला की बाहेर मारला. एका सामन्यात १११ लाइनआउट झाले. वेल्स ६-० जिंकले. तेव्हा मैदानात कुठूनही थेट बाहेर मारता यायचं, त्यामुळे हे पूर्णपणे नियमात होतं. पुढे १९७०पर्यंत नियम पक्का झाला की आपल्या २५ यार्डांच्या बाहेरून थेट बाहेर मारलं तर लाइनआउट जिथून मारलं तिथे. वेल्सचा सत्तरच्या दशकातला वाहता खेळ या बदलानंतरचा आहे, आणि १९७१चा ग्रँड स्लॅम (पाच राष्ट्रांच्या स्पर्धेतले सगळे सामने) जिंकताना त्यांचा प्रशिक्षक होता तोच क्लाइव्ह रोलंड्स. त्या मोसमात त्यांनी अवघे १६ खेळाडू वापरले. माणसं तीच होती, नियम बदलला आणि खेळ बदलला.

दुसरा मुद्दा, ज्याकडे लोक अजिबात बघत नाहीत. हौशी संघ सराव कधी करत? इंग्लंड, वेल्स, आयर्लंडसारख्या संघांना कसोटीच्या आधी एकत्र यायला ४८ तासांचीच मुभा होती. वेल्सने त्यावर उपाय म्हणून पोर्ट टॅलबॉटला अफान लिडोत रविवारचे सराव सुरू केले. पण दौऱ्यावर गेलेल्या संघाचं तसं नव्हतं. १९०५चे मूळ ऑल ब्लॅक्स (न्यूझीलंडचा संघ), डेव्ह गॅलहरचे: ३५ सामने, एकच हार, ९७६ गुण केले, ५९ दिले. १९२४-२५चे अजिंक्य ऑल ब्लॅक्स: ३२ पैकी ३२, आणि एकोणीस वर्षांचा जॉर्ज नेपिया प्रत्येक सामन्यात फुलबॅक. १९७१चे लायन्स २६ सामने, १९७४चे २२. हे लोक कित्येक आठवडे एकत्र राहत, जेवत, रोज सराव करत. पगार नव्हता, पण दिनक्रम पूर्णवेळ खेळाडूचाच होता. मॅकब्राइड बँकेत, जेपीआर डॉक्टर, पण दौऱ्यापुरते ते रग्बीशिवाय काही करत नव्हते.

म्हणून हौशी जमान्यातले सगळ्यात मोठे संघ म्हणून जी नावं येतात ती बहुतेक दौऱ्यावरच्या संघांची. हे योगायोगाने झालेलं नाही. आणि त्यांनी ज्यांना हरवलं ते यजमान मात्र दोन दिवसांच्या ओळखीवर उतरत होते. जुन्या विक्रमांतून एवढं वजा केलंच पाहिजे. आजच्या लायन्सचा दौरा दहा सामन्यांच्या आसपास असतो आणि समोरचा राष्ट्रीय संघ त्यांच्यापेक्षा जास्त काळ एकत्र असतो. चक्र पूर्ण उलटं फिरलं आहे.

सांजवेळ

वजा करायचं तर आणखी एक गोष्ट वजा करावी लागेल, आणि या धाग्यात ती अजून आलेली नाही.

१९७४चा स्प्रिंगबॉक संघ हा दक्षिण आफ्रिकेचा संघ नव्हता. तो त्या देशातल्या गोऱ्या लोकांचा संघ होता. बहुसंख्य जनतेला निवडीचा दरवाजाच बंद. एरल टोबायस हा पहिला कृष्णवर्णीय स्प्रिंगबॉक, आणि तो खेळला १९८१मध्ये. लायन्सचा तो दौरा वर्णभेदाच्या राजवटीत, ब्रिटिश सरकारचा विरोध असताना झाला. त्या संघाची अपराजित कामगिरी सांगताना हे गाळू नये. मैदानावरचा पराक्रम खरा, आणि समोरचा संघ अर्धवट निवडलेला, हेही खरं.

न्यूझीलंडही यातून सुटत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या आग्रहाखातर १९२८, १९४९ आणि १९६०च्या दौऱ्यांवर माओरी खेळाडू नेलेच नाहीत. दर्यावर्दींनी ज्या नेपियाचं नाव घेतलं तो १९२८मध्ये याच कारणाने घरी राहिला. १९२५ला ज्याला जगातला सर्वोत्तम फुलबॅक म्हणत होते तो तीन वर्षांनी सर्वात कठीण दौऱ्यावर नाही. ब्रिटनमध्ये पैशाची भिंत होती: पगारासाठी तेरा जणांच्या रग्बी लीगकडे गेलेल्याला युनियनचे दरवाजे कायमचे बंद. वेल्सने असे किती तरी खेळाडू गमावले.

२०१९ला करंडक उचलणारा कर्णधार सिया कोलिसी, त्या अंतिम सामन्यात ट्राय करणारे मापिम्पी आणि कोल्बे. हे तिघेही १९७४मध्ये निवडीला पात्र ठरले नसते. संघाची ताकद मोजताना तो कोणातून निवडला हे धरलं, तर माझ्या लेखी आजचे स्प्रिंगबॉक इथे फार पुढे आहेत, आणि हे अंतर वजनाच्या फरकापेक्षा मोठं आहे.

ओव्हल

सांजवेळ, हा प्रतिसाद धाग्याच्या मुळाशीच हवा होता. धन्यवाद.

रानवारा

दर्यावर्दींनी १९०५चा उल्लेख केला. त्या संघाचा स्क्रम सात जणांचा होता असं वाचलंय. मग आठवा कुठे?

लूजहेड

आठवा म्हणजे स्वतः गॅलहर, विंग-फॉरवर्ड. पुढे दोन, मधे तीन, मागे दोन अशी पाचर. समोर तिघांची फळी असली तर दोघांची डोकी नेमकी फटींत बसतात, समोरचा एक प्रॉप मोकळा लोंबतो आणि त्याचा जोर वाया. चेंडू पटकन बाहेर येतो. गॅलहर चेंडू आत टाकायचा आणि आपल्या हाफबॅकसमोर उभा राहून अडथळा करायचा, त्यावरून ब्रिटनभर आरडाओरडा झाला. कार्डिफला वेल्सने उत्तर काढलं: त्यांनीही सातच स्क्रममध्ये ठेवले, एक मोकळा, आणि न्यूझीलंडची पुढची जोडी बसेपर्यंत स्वतःची फळी पक्की केली नाही. वेल्स ३-० जिंकले, टेडी मॉर्गनचा ट्राय. न्यूझीलंडच्या बॉब डीन्सच्या नाकारलेल्या ट्रायवर आजही वाद आहे. १९३२मध्ये पुढे तिघे सक्तीचे झाले आणि ती पाचर संपली.

नऊ नंबर

बचावावर कुणीच लिहिलेलं नाही. तोच सगळ्यात मोठा फरक आहे.

१९७३चा बार्बेरियन्स (निमंत्रितांचा संघ) विरुद्ध ऑल ब्लॅक्स सामना, कार्डिफ, २३-११. बेनेट आपल्या गोलजवळ तीन-चार जणांना हुलकावण्या देतो, मग जेपीआर, पुलिन, डॉस, टॉम डेव्हिड, क्विनेल आणि शेवटी एडवर्ड्स कोपऱ्यात. सात जणांचे हात. तो ट्राय पाहताना चेंडूवरची नजर काढा आणि बचाव करणाऱ्यांकडे बघा. पुढचे आठही जण एका बाजूने चेंडूमागे धावताहेत, मधल्या पट्ट्यात कुणी नाही. ही त्यांची चूक नव्हे, तेव्हाची पद्धत तीच. रक झाला की पुढचे सगळे त्यात शिरायचे, दोन्ही संघांचे. मैदानाच्या रुंदीवर सहा-सात जण उरायचे, म्हणून बेनेट आणि जेराल्ड डेव्हिससारख्यांना पाय टाकायला जागा होती.

१९९५नंतर रग्बी लीगमधले बचावाचे प्रशिक्षक युनियनमध्ये आले. ऑस्ट्रेलियाने जॉन मगल्टनला घेतलं आणि १९९९च्या अख्ख्या विश्वचषकात फक्त एक ट्राय दिला. पद्धत अशी: रकमध्ये जेमतेम एक-दोघे, चेंडू मिळण्याची खात्री असेल तरच तिसरा. दोघे-तिघे मागे लाथेसाठी. बाकीचे सगळे एका रेषेत, ठरलेल्या अंतरावर, आणि रेषा एकत्र पुढे येते. २०२३च्या स्प्रिंगबॉकचे बाहेरचे खेळाडू तर आतल्यांच्या आधी वर येऊन पासची वाटच कापतात. १९७४च्या लायन्सनी हे कधी पाहिलेलंच नव्हतं. पहिल्या वीस मिनिटांत त्यांचे दोन-तीन पास अडवले जाणार, आणि प्रत्येकातून ट्राय होऊ शकतो.

त्यांना वाट असेल तर ती लाथेची. रेषा इतकी पुढे येते तेव्हा मागे जागा असते. एडवर्ड्सची स्क्रममागून मारलेली लांब लाथ आणि बेनेटची डावी-उजवी नजर या कामासाठी उत्तम. शिवाय २०२१पासूनचा नियम: आपल्या अर्ध्यातून मारलेला चेंडू टप्पा घेऊन समोरच्या २२ मीटरमध्ये बाहेर गेला तर लाइनआउट आपला. या नियमाचा फायदा उठवायला एडवर्ड्सपेक्षा लायक माणूस मला सुचत नाही.

दर्यावर्दी

चेंडूचंही धरा. चामड्याचा चार तुकड्यांचा चेंडू पाणी पीत जायचा, उत्तरार्धात जड आणि बुळबुळीत. आजच्या रबरी चेंडूवर बारीक दाणे असतात, पाणी आत जात नाही, आणि लाथेसाठी प्लॅस्टिकचं टी मिळतं. बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्यात सामने होतात ते पाहिलेल्यांना कळेल की दाण्यांच्या चेंडूवरसुद्धा हात सुटतो. बेनेटने केपटाऊनच्या चिखलात टाचेने खळगा करून तीन पेनल्टी मारल्या, हे त्या चेंडूने.

रानवारा

आणि मारामारी? '९९'ची हाक म्हणतात ती काय?

लूजहेड

१९७४च्या लायन्सचा तो संकेत: एकाला मारलं की पंधराही जणांनी एकाच वेळी जवळच्या प्रतिस्पर्ध्याला भिडायचं. पंच सगळ्यांना बाहेर काढू शकत नाही, हा हिशेब. तेव्हा चित्रफीत पाहणारा पंच नव्हता, सामन्यानंतरची चौकशी नव्हती. आज पहिल्याच हाकेला तीन-चार लाल कार्डं. हा भाग तुलनेतून सरळ काढून टाकावा. डोक्याच्या जखमांबद्दल आज जे माहीत आहे त्यानंतर त्याचं कौतुक करण्यासारखं काही नाही.

ओव्हल

आता माझा निकाल, नियमांसकट.

आजचे नियम, आजचा चेंडू, आठ राखीव, आणि लायन्स १९७४मधून थेट उचलून आणलेले: स्प्रिंगबॉक सहज. बचावाची रेषा आणि पन्नासाव्या मिनिटानंतरचे ताजे प्रॉप, ही दोन कारणं पुरेशी आहेत.

१९७४चे नियम, चामड्याचा चेंडू, सरळ टाकलेला स्क्रम, जखमेपुरत्या दोन बदल्या, लाइनआउटवर उचलायला बंदी: केपटाऊनच्या चिखलात लायन्स, थोड्या फरकाने. उचलणं नसलं तरी २.०३ मीटरचा स्प्रिंगबॉक लॉक एट्झेबेथ सर्वात उंच हात लावेल, पण तेव्हाच्या लाइनआउटमध्ये उडी मारणाऱ्याला कोपर आणि खांदा लागायचाच, आणि मॅकब्राइड व गॉर्डन ब्राउन त्या गर्दीत मुरलेले होते. प्रिटोरियाच्या कोरड्या, उंचावरच्या मैदानावर मात्र मी स्प्रिंगबॉकना पसंती देईन, कारण बचावाची रेषा १९७४च्या नियमांतही उभी करता येते. ती नियमातून आलेली नाही, विचारातून आली आहे, आणि विचार बरोबर नेता येतो.

तिसरी अट सगळ्यात न्याय्य: लायन्सना आजचा आहार, आजची ताकदीची तालीम आणि दोन मोसम द्या. तिथे मला एडवर्ड्स, मर्विन डेव्हिस, स्लॅटरी आणि जेपीआर आजच्या कुठल्याही संघात दिसतात. मॅक्लॉक्लनबद्दल लूजहेडनी सांगावं.

लूजहेड

संघात घेईन. राखीव लूजहेड म्हणून, पन्नासाव्या मिनिटाला. थकलेल्या उंच टाइटहेडच्या छातीखाली शिरायला त्याच्यासारखा माणूस हवा.

रानवारा

जुने सामने पाहून हे स्वतः मोजायचं असेल तर कसं मोजू?

आकडेमोड

पूर्ण सामन्याचं चित्रण घ्या, निवडक क्षणांचं नको. त्यात थांबलेला वेळ कापलेला असतो आणि सगळे आकडे फुगतात. घड्याळ चालू करायचं ते स्क्रममध्ये चेंडू हातातून सुटल्यावर, लाइनआउटला फेकणाऱ्याच्या हातातून सुटल्यावर, आणि मोकळ्या लाथेला पाय लागल्यावर. बंद करायचं ते शिट्टीला किंवा चेंडू रेषेबाहेर गेल्यावर. कोसळून पुन्हा लावलेला स्क्रम वेगळ्या रकान्यात, नाहीतर एकच स्क्रम तीनदा मोजला जातो. रक मोजताना तिथे प्रत्येक संघाचे किती जण शिरले तेही लिहा, नऊ नंबरच्या मुद्द्याचा पडताळा त्यातूनच मिळेल. एका बैठकीत फक्त एक अर्धा आणि एकच गोष्ट मोजा. जुन्या चित्रणात कॅमेरा एकाच बाजूला असतो, दूरच्या रेषेवर चेंडू बाहेर गेला की नाही हे दिसत नाही, तिथे रेषेवरच्या पंचाच्या झेंड्यावर जा.

सुरुवात १९७४ची प्रिटोरिया कसोटी आणि २०२३चा अंतिम सामना या जोडीने करा. पहिल्या अर्ध्याचे आकडे इथेच टाका, दुसरा अर्धा मी मोजतो.